मुजावर सरांचा उलटा वर्ग

मुजावर सरांची आणि माझी ओळख भिंतीतून झाली. मी या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा मला मिळालेला वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत नावापुरतीच होती. मी इकडं कवितेतली एखादी हळवी ओळ म्हणावी, मुलं जरा गप्प व्हावीत, आणि तिकडून दणका यावा, "उणे गुणिले उणे? अरे अधिक. मागच्या वर्षी पण अधिकच हुतं." आठवडाभर सोसून मी तक्रार घेऊन गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी हळूच बोलतोय की. मोठ्यानं बोललो तर पंचगंगेपलीकडं ऐकू जाईल."

सर मूळचे कुरुंदवाडचे. कोल्हापुरात येऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती, तरी हे गाव त्यांच्या लेखी तात्पुरतंच होतं. दर सोमवारी ते गावाकडून पिशवीभर वांगी आणत आणि स्टाफरूममध्ये वाटत. कोल्हापूरच्या मंडईतल्या वांग्याला नुसता रंग असतो, चव नसते, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी मंडईत उभं राहून विकणाऱ्यालाही ऐकवलं होतं. वांगी घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी भरीत कसं झालं हे सांगायचं, ही अट. एकदा मी "छान झालं होतं" एवढंच म्हणाले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "नुसतं उत्तर सांगू नका, बाई. पायऱ्या दाखवा." मग मला वांगं भाजण्यापासून लसणीपर्यंत सगळं सांगावं लागलं, आणि त्यात माझी एक चूक निघालीच.

अंगात फिकट निळा हाफशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक खडू. खडूमुळं सगळे खिसे कायमचे पांढरे. शमीमभाभी, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की यांचे शर्ट धुवायचे म्हणजे आधी फळा पुसायचा. चहा बशीतूनच प्यायचे आणि मोबाइलवर तर त्यांचा विशेष राग होता. टाळेबंदीच्या दिवसांत सगळ्यांसारखं त्यांनीही फोनसमोर बसून शिकवलं होतं. त्या काळाबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणत, "काळ्या चौकटींस्नी गणित शिकवलं. चौकटी पास झाल्या."

अशा माणसानं पुढं फोनच हातात घेतला, त्याला कारण त्यांचा घसा.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, त्यांचा आवाज पूर्ण बसला. डॉक्टरांनी आठ दिवस अक्षर बोलायचं नाही असं बजावलं. आम्ही म्हटलं, रजा घ्या. त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं आणि वर्गावर गेले. फळ्यावर उदाहरणं लिहिली, पोरांना खुणेनं सोडवायला सांगितली आणि स्वतः बाकांमधून फिरायला लागले. माझ्या वर्गात त्या आठवड्यात इतकी शांतता होती की माझीच मुलं बेचैन झाली.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'बाई, मी तीस वर्षं फळ्याकडं तोंड करून शिकवलं. पाठीमागं काय चाललंय ते आत्ता बघालोय.' खाली त्यांनी पाहिलेल्या गोष्टी होत्या. एक मुलगा पाचवीपासून भागाकार उलटाच करत होता. एकीनं पुस्तकाच्या मागून उत्तर बघून मधलं सगळं मनानं रचलं होतं, आणि इतक्या नेटक्या अक्षरात की सरांनी आजवर तिला पूर्ण गुण दिले होते. सात-आठ जण पहिल्या ओळीलाच अडकून तास संपायची वाट बघत होते. मी कागद परत दिला. सर खिडकीबाहेर बघत बशीतला चहा तसाच गार करत बसले होते. त्यांना वाईट वाटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आवाज परत आला, पण ती गोष्ट काही डोक्यातून गेली नाही. पुढं एका प्रशिक्षणात एका तरुण बाईंनी त्यांना सांगितलं की शिकवायचं ते ध्वनिचित्रफितीत भरून मुलांना घरी पाहायला द्यायचं आणि वर्गातला वेळ सोडवण्यासाठी ठेवायचा, अशी एक पद्धत आहे. सर परत आले ते हीच गोष्ट घेऊन. मुख्याध्यापकांना त्यांनी ती एका वाक्यात समजावली. "घरी शाळा आणि शाळेत गृहपाठ." मुख्याध्यापक भला माणूस, कुणाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. ते म्हणाले, बघा करून नववीवर. स्टाफरूमनं लगेच त्याचं नाव 'उलटा वर्ग' ठेवलं आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सगळ्या शाळेत तेच चालू होतं.

पाठ तयार व्हायचे ते सरांच्या स्वयंपाकघरात, कारण घरात चांगला उजेड तिथल्याच खिडकीतून यायचा. ओट्यावर गॅसच्या शेगडीशेजारी छोटा फळा टेकवलेला, समोर शमीमभाभी फोन धरून उभ्या. भाभी कडक होत्या. सर अडखळले की पहिल्यापासून. पहिल्याच पाठात सर समांतर रेषा काढतात आणि पडद्याबाहेरून भाभींचा आवाज येतो, "सुनो जी, पहले कुकर उतरने देव." सर रेषा अर्धी सोडून बाजूला जातात, शिट्टी होते, सर परत येतात आणि म्हणतात, "तर छेदिका." हे काढून टाका असं मी सांगितलं. सर म्हणाले, राहू दे, पोरं डाळ शिजायची वाट बघत का होईना, बसतील.

या पाठांत एक सोय होती. चालता चालता पाठ मध्येच थांबायचा, प्रश्न यायचा, खाली चार पर्याय. उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. कोण कुठं अडलं, किती वेळा चुकलं, हे सगळं सरांना आपल्या फोनवर दिसायचं. या गोष्टीवर सर बेहद्द खूश होते. वर्गात प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. इथं एकालाही सुटका नाही, असं ते शिपायापासून संस्थेच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगत.

माझा यात प्रवेश झाला तो भाषेसाठी. सर पाठात 'हाय' आणि 'न्हाय' म्हणत. मी मराठीची शिक्षिका. मला राहवलं नाही. पुस्तकाच्या भाषेत बोला, असं मी त्यांना म्हणाले. सरांनी मुकाट्यानं दोन पाठ पुस्तकी भाषेत केले. 'विद्यार्थीमित्रहो, आपणांस असे आढळून येईल की' अशी सुरुवात. दुसऱ्या दिवशी नववीतल्या मुलींनी काळजीनं विचारलं, सरांना बरं नाही का? आणि एकीच्या आजीनं तर फोनमधला माणूस दुसराच आहे असं ठरवून बंदच करायला लावला. ते दोन पाठ सरांनी पुसून टाकले. मला काही बोलले नाहीत. फक्त सोमवारी मला वांगी कमी मिळाली.

खरी गंमत झाली ती चुकीच्या उत्तरांमुळं. मूल चुकलं तर त्याला का चुकलं ते कळावं म्हणून सरांनी प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी वेगळा तुकडा करून ठेवला होता. म्हणजे बेरजेच्या वर्गाचं सूत्र विचारलं आणि मुलानं 'अ वर्ग अधिक ब वर्ग' यावर बोट ठेवलं की सर पडद्यावर येत, कंबरेवर हात ठेवून. "आलास? वाटच बघालतो. मधलं दोन अब कुठं हाय? येताना स्टँडवर विसरून आलास व्हय? जा, घेऊन ये." आणि पाठ दोन मिनिटं मागं जायचा. दुसऱ्या एका चुकीला ते नुसतेच दहा सेकंद बघत बसत. भाभी सांगायच्या, यात अभिनय काही नव्हता.

ऑगस्टमध्ये सर एक दिवस माझ्याकडं फार गंभीर चेहऱ्यानं आले. सानिका, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, गेले तीन पाठ प्रत्येक प्रश्नाला चुकत होती. एकदा नाही, तीन-तीनदा. चारही पर्याय संपेपर्यंत. घरी काहीतरी बिनसलं असणार, मुली बाईमाणसाशी बोलतात, तुम्ही विचारा, असं त्यांचं म्हणणं. मी तिला बोलावलं. सर कपाटामागं उभे. सानिका आधी लाजली, मग म्हणाली, "बरोबर आलं की सर नुसतं 'बरोबर, पुढं चल' म्हणतात. चुकलं की भारी बोलतात. आम्ही सगळेच आधी चुकून घेतो, बाई."

ती गेल्यावर सर बाहेर आले. त्यांना राग आलाय की आनंद झालाय हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, बरोबर उत्तरालाही काहीतरी चांगलं बोललं पाहिजे. पण शाबासकी हा विषय त्यांनी कधी शिकवलाच नव्हता. मी त्यांना 'उत्तम', 'प्रशंसनीय' असे शब्द लिहून दिले. त्यांनी ते घरी नेले, चार दिवस प्रयत्न केला आणि अखेर जे पाठात आलं ते असं होतं: "बरोबर हाय." थोडं थांबून, "कसं काय जमलं तुला?" मुलांना ते इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर द्यायला लागला.

वर्गात मात्र आता सर बोलतच नसत आणि त्यामुळं गोंधळ दुप्पट. चार-चार मुलं डोकी जुळवून भांडायची, सर या घोळक्यातून त्या घोळक्यात. मी भिंतीच्या या बाजूला कविता मोठ्यानं म्हणायला शिकले.

सरांनी एक नियम केला होता. ज्यानं घरी पाठ बघितला नाही त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं आणि आधी वही-पुस्तकातून तो पुरा करायचा. नियम साधा होता आणि सर त्याबाबतीत कडक होते. तेजश्री नावाची एक मुलगी सलग पाच-सहा आठवडे शेवटच्या बाकावर बसली. तिच्या नावापुढं फोनवर कायम 'पाहिला नाही' असं यायचं. सरांनी कारण विचारलं, ती खाली बघत राहिली. सरांना वाटलं, आळशी आहे. तसं ते मला म्हणालेही.

सप्टेंबरात पालकसभा झाली. सभा मुळात भरली होती ती उलट्या वर्गाच्या तक्रारींसाठीच. एका वडिलांनी उठून विचारलं की आम्ही पोरांच्या हातातला फोन काढून घ्यायला धडपडतोय आणि सर तोच हातात देतात, मग पगार शिकवायचा घेतात की फिरायचा? बऱ्याच माना हलल्या. सर पुढच्या रांगेत हातांची घट्ट घडी घालून बसले होते. त्यांच्या जिभेला आता धार चढणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि मुख्याध्यापक तर डोळे मिटूनच बसले होते.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. तेजश्रीची आई. त्या घरी बसून कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालायचं काम करत. हातांना चामड्याचा रंग बसलेला होता.

"फोन घरात येकच हाय," त्या म्हणाल्या. "तो मालकांच्या खिशात. मालक फौंड्रीत, दुसऱ्या पाळीला. येत्यात ते पोरगी झोपल्यावर. तिनं तुमचा पाठ कधी बघायचा, सर? आणि बघितला न्हाय म्हणून तिला म्हागं बसवलंयसा. आठवीपातुर पुढच्या बाकावर बसत हुती ती."

सर उभे राहिले.

"चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. "कोण कितव्या मिनिटाला अडलं ते मला दिसत हुतं. घरात फोन हाय का, हे मी विचारलंच न्हाय."

आणि खाली बसले. इतक्या वर्षांत सरांनी आपली चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. वांग्याच्या बाबतीतसुद्धा नाही. ज्या वडिलांनी पगाराचं काढलं होतं तेही मग नरमले. सहामाहीपर्यंत चालू द्यावं, नंतर बघावं, असं ठरलं.

आमची शाळा अकराची. दुसऱ्या दिवसापासून सर साडेनऊला यायला लागले. मुख्याध्यापकांकडून संगणकाच्या खोलीची किल्ली घेतली आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता किंवा मिळत नव्हता अशा मुलांना तिथं पाठ दाखवायला सुरुवात केली. सहा मुलं निघाली. सहाही जणं आजवर गप्प राहिली होती. शेवटच्या बाकाचा नियम सरांनी रद्द केला, पण तेजश्रीला ते पुढं बस म्हणाले तेव्हा ती म्हणाली, मी इथंच बरी आहे. सरांनी पुन्हा आग्रह केला नाही. ते स्वतःच रोज दहा मिनिटं तिच्या बाकावर जाऊन बसत. बाक लहान, सर रुंद; पाय बाहेर काढून बसावं लागे.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तेजश्रीची आई विसरलेला डबा द्यायला आल्या. मुलं पाठ बघत होती, त्या मागं उभ्या राहून बघायला लागल्या. पाठ थांबला, प्रश्न आला. बाई पटकन म्हणाल्या, "अ वर्ग अधिक ब वर्ग की," आणि एकानं ते दाबलंही. सर पडद्यावर आले, कंबरेवर हात ठेवून, आणि त्यांनी बाईंना स्टँडवरची सगळी बोलणी ऐकवली. खरे सर तेव्हा माझ्याशी बोलत व्हरांड्यात उभे होते. तो आवाज ऐकून ते चप्पल निसटेपर्यंत धावले.

"ताई, ते तुमास्नी न्हाय म्हणालो," ते दारातूनच म्हणाले.

बाईंनी पदर सावरला. पडद्यावरून नजर काढली नव्हती. "असू दे की. आमच्या बाईंनी पण आठवीत हेच चुकतंय म्हणून सांगितल्यालं. पुढं शाळाच सुटली." मग लेकीला म्हणाल्या, "म्हागं घे जरा. काय इसारलो ते बघू."

सहामाहीत चमत्कार वगैरे झाला नाही. वरची मुलं होती तिथंच राहिली, मधली थोडी वर सरकली. तेजश्री चांगली पास झाली. सानिकाचा एक गुण कमी आला आणि त्याबद्दल तिनं सरांशी अर्धा तास वाद घातला. मुख्याध्यापकांनी पुढं काही विचारलं नाही आणि वर्ग उलटाच राहिला.

सरांची निवृत्ती जानेवारीअखेर आली, वर्षाच्या अधेमधेच. निरोपसमारंभ चार वाजता होता. त्याआधीचा शेवटचा तास नववीवर. दुपारी ते माझ्याकडं एक कागद घेऊन आले. नववीला शेवटचं काहीतरी बोलावं म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या. "यातलं हाय-न्हाय चालंल का?" त्यांनी विचारलं. मी वाचलं. त्यात एकही शब्द बदलण्यासारखा नव्हता, आणि मी तसं सांगितलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मुख्याध्यापकांनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. सर वर्गाच्या आत दारापाशी उभे होते, कागद हातात. फळ्यापाशी सगळा वर्ग गोळा झाला होता. चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, तर तो समांतरभुज हे कसं दाखवायचं, यावर दोन तट पडले होते. एका बाजूला सानिका, दुसऱ्या बाजूला तेजश्री, दोघींच्या हातात खडू. सरांनी घसा खाकरला. कुणाचं लक्ष नाही. त्यांनी परत खाकरला. "पोरांनो," ते म्हणाले.

तेजश्रीनं मागं न बघता खडूचा हात वर केला. "सर, थांबा की जरा. हिचं चुकलंय."

सर थांबले. तास संपल्याची घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर येऊन हलकेच दार ओढून घेतलं.

आम्ही व्हरांड्यातून चालत गेलो. खाली मांडव घातलेला, हार आणलेले, शमीमभाभी नव्या साडीत पुढच्या खुर्चीवर बसलेल्या दिसत होत्या. जिन्यापाशी आल्यावर सर थांबले. मी म्हटलं, सगळे वाट बघतायत. ते कठड्यावर हात ठेवून, मान जराशी कलती करून वर्गाच्या दिशेनं ऐकत उभे होते. आतून दोघींचेही आवाज एकदम येत होते.

"जाऊ की, बाई," ते म्हणाले. "कोण बरोबर निघतंय तेवढं कळू दे."